भोसरीच्या वर्कशॉपात आलेलं ‘सुधारित ड्रॉइंग’ आणि सैन्याची सायबर सुरक्षा

भोसरीचा_टर्नर | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी इथे वाचनमात्र असतो, पण आज धागा काढतोय. गेला आठवडा नीट झोप नाही.

आमचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलं. आज तीन व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन), दोन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ) आणि चौदा माणसं आहेत. साधारण तिसरा हिस्सा काम संरक्षण क्षेत्राचं, पण थेट नाही. मोठी कंपनी ऑर्डर घेते, ती तिच्या व्हेंडरला देते आणि त्याच्याकडून आमच्याकडे ब्रॅकेट, हाउसिंग, बुश असे सुटे जॉब येतात. तो भाग शेवटी कशात बसणार हे बहुतेक वेळा आम्हाला ठाऊकही नसतं. ड्रॉइंगवर नंबर असतो, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) असतो, मटेरियल लिहिलेलं असतं. आम्ही जॉब लावतो.

मागच्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, शिफ्ट सुटता सुटता, ऑफिसात मेल आला. ‘सुधारित ड्रॉइंग, सोमवारपासून याप्रमाणेच काम करावे.’ पाठवणाऱ्याचं नाव खरेदी विभागातल्या नेहमीच्या साहेबांचं. सोबत झिप फाइल, आत पीडीएफचं लाल चिन्ह. ऑफिस सांभाळणाऱ्या मुलीने ती उघडली. ड्रॉइंग काही दिसलं नाही. एक काळी खिडकी चमकली आणि गेली. तिने पुन्हा क्लिक केलं, पुन्हा तेच.

रात्री पावणेआठला तिचा फोन आला. “सर, माझ्याकडून काहीतरी चुकलंय.” मधले दोन तास ती घरी बसून रडत होती. नोकरी जाईल अशी तिला भीती वाटत होती.

मी तसाच गाडी काढून वर्कशॉपला गेलो आणि आधी त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर उपटली. मग खुर्चीत बसलो आणि हात थरथरायला लागले. त्याच कॉम्प्युटरवर मागच्या सहा वर्षांची सगळी ड्रॉइंग आहेत. त्याच कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हमध्ये प्रोग्राम टाकून आम्ही मशीनवर नेतो, आणि एका मशीनचा कंट्रोलर अजून जुन्या विंडोजवर चालतो. रविवारी सकाळी व्हेंडरला फोन करून सगळं सांगितलं. ते मेल पत्ते नंतर नीट पाहिले तर नावातल्या एका अक्षराचा फरक होता.

सैन्याची सायबर सुरक्षा वाढतेय असं रोज वाचतो आणि अभिमानही वाटतो. पण या साखळीत माझ्यासारखे हजारो लोक आहेत. आमच्याकडे कोण बघतं? जाणकारांनी लिहावं. मला खरंच शिकायचं आहे.

---

पॅकेट_वाचक | रविवार, रात्री १०:२५

आधी एक सांगा, त्या मुलीला ओरडलात का? ओरडला नसाल तर तुम्ही निम्मी लढाई जिंकलात. तिने रात्री पावणेआठला सांगितलं म्हणून वायर रात्रीच निघाली. भीतीपोटी सोमवारपर्यंत गप्प राहिली असती तर समोरच्याला दीड दिवस मोकळं रान मिळालं असतं.

मी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो, म्हणून काय झालं असावं ते सांगतो. ती फाइल पीडीएफ नव्हती, शॉर्टकट होता. विंडोज शॉर्टकटच्या नावाचं शेवटचं शेपूट (.lnk) दाखवत नाही आणि चिन्ह हवं ते लावता येतं. त्यावर क्लिक केलं की विंडोजमधलाच एक अधिकृत प्रोग्राम चालू होतो, तो बाहेरच्या सर्व्हरवरून एक छोटी स्क्रिप्ट ओढतो आणि ती स्क्रिप्ट खरा किडा, म्हणजे हेरगिरीचा प्रोग्राम, आणून बसवते. तुम्हाला दिसलेली काळी खिडकी ती हीच असणार. पुष्कळदा खोटं पीडीएफ उघडूनही दाखवतात, म्हणजे माणसाला संशयच येत नाही. तुमच्याकडे ते उघडलं नाही, हे तुमचं नशीब.

ही चाल आपल्याकडच्या संरक्षण क्षेत्रावर बऱ्याच वर्षांपासून वापरली जाते. आपल्या पुण्याच्याच क्विक हीलच्या सेक्राइट लॅबने सप्टेंबर २०२०मध्ये अशी एक मोहीम उघडकीला आणली आणि तिला ‘ऑपरेशन साइडकॉपी’ नाव दिलं. झिपमध्ये शॉर्टकट, त्यातून स्क्रिप्ट, आणि शेवटी विंडोजच्याच एका खऱ्या फाइलच्या आडून चालणारा हेर, अशी साखळी. लक्ष्य होतं आपलं सैन्य आणि संरक्षणातले लोक. पाकिस्तानशी जोडला जाणारा ‘ट्रान्स्परंट ट्राइब’ नावाचा गट तर त्याच्याही आधीपासून ‘क्रिमसन रॅट’ घेऊन फिरतोय. हा रॅट, म्हणजे दुरून कॉम्प्युटरचा ताबा घेणारा प्रोग्राम, एकदा बसला की स्क्रीनचे फोटो काढतो, फाइली शोधतो आणि बाहेर पाठवतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच त्या हल्ल्याच्याच नावाची पीडीएफ करून याच लोकांनी पाठवायला सुरुवात केली होती. आपल्या दुःखाचंसुद्धा आमिष केलं. त्याचा मला फार संताप येतो.

तो कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका! डिस्क काढून तशीच बाजूला ठेवा. आणि सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवलंत का? एप्रिल २०२२च्या त्यांच्या आदेशाप्रमाणे घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. उशीर झाला असला तरी आजच कळवा.

---

भोसरीचा_टर्नर | रविवार, रात्री १०:५०

नाही ओरडलो. तिच्या आवाजावरूनच कळलं होतं. पण खरं सांगायचं तर आधी तोंडावर शब्द आला होता, तो गिळला.

सहा तासांचा नियम माहीतच नव्हता. आता कळवतोय. डिस्क तशीच ठेवली आहे.

---

निवृत्त_सिग्नल्स | सोमवार, सकाळी ६:१०

रामराम. सव्वीस वर्षं सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन शाखेत, काढली, सुभेदार म्हणून घरी आलो. आता सातारा जिल्ह्यात गावी असतो.

आमच्या उमेदीत गुप्त कागद जाळायचा तरी दोघांची सही लागायची. एकाने जाळायचा, दुसऱ्याने बघायचं, आणि रजिस्टरमध्ये दोघांनी सही करायची. कोवळ्या पोरांना ते खुळचट वाटायचं. पण त्या रजिस्टरचा अर्थ एवढाच होता की कागद कुठे आहे हे कुणालातरी प्रत्येक क्षणी ठाऊक असलं पाहिजे. आता कागदाची फाइल झाली आणि फाइल एका वेळी दहा ठिकाणी असते. हा फरक सैन्यालासुद्धा पचायला वेळ लागला.

पेन ड्राइव्हचं म्हणाल तर जगातल्या सगळ्यात श्रीमंत फौजेला त्याने आडवं केलंय. २००८मध्ये मध्यपूर्वेतल्या एका अमेरिकी तळावर कुणीतरी लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला. त्यातला किडा त्यांच्या सेंट्रल कमांडच्या गुप्त नेटवर्कपर्यंत पोचला. तो साफ करायला त्यांना जवळजवळ चौदा महिने लागले, पेन ड्राइव्हवर बंदी आली, आणि त्या धक्क्यातूनच पुढे त्यांची सायबर कमांड उभी राहिली. त्यामुळे टर्नरसाहेब, तुम्ही चौदा माणसांच्या वर्कशॉपात घाबरलात यात कमीपणा काही नाही.

आपल्याकडे मी डोळ्यांनी पाहिलेला बदल मोठा आहे. जुलै २०२०मध्ये फौजेने ८९ अ‍ॅप मोबाइलमधून काढायला सांगितली, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. एक अधिकारी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने याचिका फेटाळली. जवानांना ते जड गेलं, हे मी नाकारणार नाही. सीमेवरच्या पोराला लेकराचा चेहरा बघायचा तोच एक मार्ग होता. पण त्यामागचं कारण, म्हणजे मोबाइलमधून माहिती बाहेर जाण्याची भीती, आम्हा सिग्नल्सवाल्यांना लगेच कळलं.

---

कोथरूड_एक | सोमवार, सकाळी ११:३०

धागा चांगला आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. सरकारने एवढं केलंय की! २०१९मध्ये तिन्ही दलांची मिळून डिफेन्स सायबर एजन्सी झाली. २०२१च्या डिसेंबरमध्ये जुन्या निरोप यंत्रणेच्या जागी स्वदेशी ‘असिग्मा’ आलं. २०२३मध्ये संरक्षण मंत्रालयाने विंडोजऐवजी उबुंटूवर बांधलेली ‘माया’ ही संगणक प्रणाली आणायचं ठरवलं. अधिकाऱ्यांसाठी ‘संभव’ नावाचे सुरक्षित फोन आले. जून २०२४मध्ये तेव्हाचे सीडीएस (संरक्षण दलप्रमुख) जनरल अनिल चौहान यांनी सायबर युद्धाचा संयुक्त सिद्धांत जाहीर केला. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तर महाराष्ट्र सायबरने सांगितलं की १५ लाख हल्ले झाले आणि त्यातले फक्त १५० यशस्वी ठरले. मग एका वर्कशॉपातल्या मेलने एवढं हादरायचं कशाला?

---

पॅकेट_वाचक | सोमवार, दुपारी १:१५

कोथरूड_एक, तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे आणि ती कामं मोलाचीच आहेत. पण त्या १५ लाखांकडे नीट बघू. अशा मोजणीत दारावरची प्रत्येक टकटक धरली जाते. एखाद्या संकेतस्थळावर एकाच वेळी लाखो विनंत्या फेकणं, एखाद्या महापालिकेच्या पानावर घोषणा लिहून जाणं, असं सगळं त्यात येतं. त्याचा आवाज मोठा असतो. त्याच दिवसांत ‘पाकिस्तानने ७० टक्के वीज ग्रीड बंद पाडली’ ही अफवाही फिरली होती आणि ती खोटी असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबीला सांगावं लागलं.

खरा हल्ला कसा असतो ते २४ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनमध्ये दिसलं. रशियन रणगाडे सीमा ओलांडायच्या तासभर आधी व्हायासॅटच्या केए-सॅट उपग्रह सेवेवर घाव बसला. शिरायला वाट कुठली मिळाली, तर नीट न बसवलेल्या एका व्हीपीएनची. तिथून आत जाऊन व्यवस्थापनाच्या नेटवर्कमधूनच हजारो मोडेमना आज्ञा दिल्या आणि त्यांची स्मृती पुसून टाकली. उपग्रह वर आकाशात धडधाकट होता, खाली घराघरांतले मोडेम मेले होते. जर्मनीत ५,८०० पवनचक्क्यांवरचं दूरनियंत्रण गेलं, ज्यांचा त्या युद्धाशी काही संबंध नव्हता.

आणि ‘माया’बद्दल. ती आणायलाच हवी. पण विंडोज गेलं म्हणजे प्रश्न मिटला असं मानू नका. ऑगस्ट २०२५मध्येच असं उघड झालं की त्याच ट्रान्स्परंट ट्राइबवाल्यांनी आपल्या सरकारी ‘बॉस’ लिनक्स या संगणक प्रणालीसाठी शॉर्टकटचीच तीच युक्ती लिनक्सच्या पद्धतीने केली होती. नाव पीडीएफसारखं, आत आज्ञा. दार बदललं की चोर किल्ली बदलतो.

लहान कारखान्यांचं म्हणाल तर हेराला दिल्लीतला किल्ला फोडायची गरजच नाही. तेच ड्रॉइंग भोसरीत, बंगळुरूच्या पीनियात, कोइमतूरमध्ये पडलेलं असतं.

---

पोटोमॅककाठी | सोमवार, रात्री ८:०५

शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. मी मूळची इचलकरंजीची, सध्या व्हर्जिनियात असते. इथल्या संरक्षण पुरवठादारांची सायबर तपासणी हेच माझं रोजचं काम.

आमच्या प्रशिक्षणात एक ऑस्ट्रेलियन उदाहरण हमखास सांगतात आणि ते ऐकताना मला दर वेळी आपल्याकडचे कारखाने आठवतात. सुमारे पन्नास माणसांची एक एरोस्पेस कंपनी, संरक्षण कंत्राटाच्या साखळीत चार पायऱ्या खाली. आयटी बघायला एकच माणूस, तोही नऊ महिन्यांपूर्वी रुजू झालेला. २०१६च्या मध्याला कुणीतरी आत शिरलं. हेल्पडेस्कच्या पोर्टलमधली फट वर्षभर जुनी होती आणि बुजवलेली नव्हती. सगळ्या सर्व्हरना अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच. बाहेरून दिसणाऱ्या सेवांवर तर नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. नोव्हेंबरमध्ये सुगावा लागेपर्यंत ३० जीबी माहिती गेली होती: एफ-३५, पी-८, सी-१३०, बॉम्बला अचूक नेम देणारे जेडॅम संच, काही युद्धनौका. यातली पी-८ आणि सी-१३० या जातीची विमानं आपल्या नौदलात आणि हवाई दलातही आहेत, हे विसरू नका.

अशा घटनांनंतर अमेरिकेने ‘तुम्ही सांगता म्हणून विश्वास ठेवतो’ ही पद्धत सोडायला घेतली. सीएमएमसी नावाची, पुरवठादारांच्या सायबर तपासणीची व्यवस्था आली. तिच्या तीन पातळ्या आहेत. संवेदनशील ड्रॉइंग हाताळणाऱ्याला दुसऱ्या पातळीवर ११० अटी पूर्ण कराव्या लागतात, आणि १० नोव्हेंबर २०२५पासून त्या कंत्राटात घालायला सुरुवात झाली आहे. साखळीत खालच्या पुरवठादारालाही त्या लागू होतात, मग तो कुठल्याही देशात असो. पुण्यातून इथल्या विमान कंपन्यांना माल पाठवणाऱ्यांनी हे आत्ताच वाचून ठेवावं.

पण याची दुसरी बाजू मी रोज बघते. वीस माणसांच्या वर्कशॉपचे मालक कागदांचा गठ्ठा पुढे ठेवून हताश बसलेले असतात. काहींनी संरक्षणाचं काम सोडूनच दिलं. अटी लादणं सोपं आहे. त्या पाळायला हात कोण देणार, हा प्रश्न इथेही सुटलेला नाही.

---

डॉकयार्ड_रोड | सोमवार, रात्री १०:४०

स्कॉर्पीन पाणबुड्यांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ऑगस्ट २०१६ची गोष्ट. मी तेव्हा हार्बर लाइनने रोज माझगाव गोदीवरून जायचो. तिथे बांधलेली त्यातली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ तेव्हा समुद्री चाचण्यांत होती. आणि एका सकाळी ऑस्ट्रेलियातल्या एका वृत्तपत्राने छापलं की या पाणबुड्यांची २२,४०० पानं त्यांच्या हाती लागली आहेत. फ्रेंच कंपनीची कागदपत्रं. गळती परदेशातून झालेली दिसते असं नौदलाने सांगितलं. हॅकिंग नव्हतंच बहुधा, कुणीतरी प्रती काढून नेल्या असाव्यात असं तेव्हा छापून आलं होतं.

त्या दिवशी लोकलमध्ये गोदीतले दोन कामगार शेजारी बसले होते. त्यातला एक एवढंच म्हणाला, “आपण डबासुद्धा तपासून आत नेतो.” ते वाक्य अजून कानात आहे. त्या माणसांनी उन्हातान्हात वेल्डिंग करून पाणबुडी उभी केली, आणि तिचे कागद तिसऱ्याच देशात कुणाच्या तरी डिस्कवर पडले होते.

---

फौजीची_अर्धांगी | मंगळवार, दुपारी २:३०

सुभेदारकाका, तुम्ही ८९ अ‍ॅपबद्दल लिहिलंत म्हणून धीर करून लिहितेय. मला तांत्रिक काही कळत नाही.

आमचे हे नोकरीवर आहेत. कुठे ते लिहीत नाही, आणि हे न लिहायला मी शिकले त्याचीच ही गोष्ट. दोन वर्षांपूर्वी दुपारी फोन आला. हिंदी एकदम फौजी, “जय हिंद मॅडम” म्हणून सुरुवात. साहेबांच्या पगाराच्या कागदात त्रुटी आहे, युनिटचं सध्याचं ठिकाण पडताळायचं आहे म्हणाला. ह्यांचं नाव, हुद्दा, मुलीच्या शाळेचं नाव, सगळं त्याला ठाऊक. मी ठिकाण सांगणारच होते. तेवढ्यात सासऱ्यांनी, तेही माजी सैनिक, हातातून फोन घेतला आणि विचारलं, “बेटा, तुझा आर्मी नंबर सांग.” पलीकडून फोन कट.

मुलीच्या शाळेचं नाव त्याला कुठून कळलं? रात्री विचार करताना ध्यानात आलं. गॅदरिंगचा फोटो मीच टाकला होता, मागे शाळेचा फलक. हे सुट्टी संपवून निघाले त्या दिवशी स्टेशनवरचा फोटो स्टेटसला ठेवला होता, गाडीच्या नावासकट. तीनशे लोकांनी पाहिला असेल. त्यातले निम्मे मला धड ओळखतही नाहीत.

आता गावातल्या आम्ही चौदा-पंधरा जणी महिन्यातून एकदा भेटतो आणि एकमेकींचे फोन बघतो. कुणी काय टाकलंय, कुठल्या अ‍ॅपला ठिकाणाची परवानगी दिलीय. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

---

निवृत्त_सिग्नल्स | मंगळवार, दुपारी ४:००

पोरी, तुझ्या सासऱ्यांना माझा सॅल्यूट सांग.

तू म्हणतेस ते खरं आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये ‘स्ट्राव्हा’ या धावायच्या अ‍ॅपने जगाचा नकाशा काढला होता, कोण कुठे पळतं त्याचा. जानेवारी २०१८मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्या नकाशावर अफगाणिस्तान, सीरियाच्या काळ्या दिसणाऱ्या वाळवंटात मधेच उजळ रेघा आहेत. ते सैनिकी तळ होते, जवान सकाळी कुंपणाच्या कडेने धावायचे ती वाट. कुणी काही चोरलं नव्हतं. सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं होतं.

आणि मोठ्या हुद्द्याचा माणूस यात अडकत नाही असंही नाही. मे २०२३मध्ये आपल्या पुण्यात डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना एटीएसने अटक केली. ऑनलाइन ओळख झालेल्या परकीय हस्तकाला माहिती दिल्याचा आरोप आहे. त्यावर निकाल न्यायालय देईल, मी देणार नाही. पण तेव्हापासून मी गावातल्या भरती झालेल्या प्रत्येक पोराला सांगतो की अनोळखी गोड आवाज हेही शस्त्र असतं.

तुमच्या त्या बैठकीला यायला मला आवडेल. चालत असेल तर कळव.

---

तिसरे_वर्ष_कॉम्प्युटर | मंगळवार, रात्री ९:२०

सर्वांचं वाचून अंगावर काटा आला. मी सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. या क्षेत्रात देशासाठी काम करायचं असेल तर वाट कोणती?

---

पॅकेट_वाचक | मंगळवार, रात्री १०:००

गणवेशात जायचं असेल तर सिग्नल्स कोअर, त्यांचं शिक्षण मध्य प्रदेशातल्या महूच्या एमसीटीई या लष्करी संस्थेत होतं. गणवेशाबाहेर डीआरडीओ आहे, आणि पुण्यात गिरीनगरला डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञानाच्या विद्यापीठात सायबर सिक्युरिटीत एमटेक करता येतं. पण आत्ता, या सुट्टीत, एक काम करा. तुमच्या भागातल्या एखाद्या छोट्या कारखान्यात जा, मालकाची परवानगी घ्या आणि त्यांच्या नेटवर्कचा नकाशा कागदावर काढा. कुठला कॉम्प्युटर कशाला जोडलाय, पेन ड्राइव्ह कुठून कुठे जातो. तुम्हाला पुस्तकात न मिळणारं कळेल आणि त्यांना पहिल्यांदाच स्वतःचं घर दिसेल.

२०१८मध्ये अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तिथल्या नव्या शस्त्रप्रणालींबद्दल अहवाल दिला. एका चाचणीत अ‍ॅडमिनचा पासवर्ड नऊ सेकंदांत ओळखला गेला होता. अब्जावधी डॉलरच्या शस्त्रांची ही गत. त्यामुळे काम पुष्कळ आहे आणि माणसं कमी.

---

भोसरीचा_टर्नर | पुढचा शनिवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगतो.

व्हेंडरकडून एक आणि वरच्या कंपनीकडून एक, असे दोघे जण येऊन डिस्क घेऊन गेले. रागावले नाहीत. किडा बसला होता, पण बाहेर काय गेलं ते अजून तपासतायत. मन त्यातच अडकलेलं आहे. जे समजेल ते मला सांगतील का, तेही माहीत नाही. दोन ऑर्डर तोवर थांबवल्यात, ते रास्तच आहे.

आता मेल आणि इंटरनेटचा कॉम्प्युटर वेगळा केला, ड्रॉइंगचा वेगळा, त्याला नेटच नाही. मशीनसाठी दोनच पेन ड्राइव्ह, लाल दोरी बांधलेले, आणि सुभेदारसाहेबांचं वाचून एक रजिस्टर ठेवलंय. नेताना एकाची सही, आणताना दुसऱ्याची. दुसरा कॉम्प्युटर आणि बाकी सामान मिळून साठ हजारांच्या आसपास खर्च आला. तो मी करू शकलो. आमच्या गल्लीत दोन लेथवाले आहेत, ते बुश बनवतात, त्याच कामासाठी. त्यांना साठ हजार म्हणजे दोन महिन्यांचं भाडं. पोटोमॅककाठीताईंचा प्रश्न मला आता नीट कळला. जो माल घेतो त्याने किमान ड्रॉइंग पाठवायची सुरक्षित सोय तरी खालपर्यंत द्यावी, असं मी वरच्या कंपनीला लिहून दिलंय.

काल पुन्हा एक ‘सुधारित ड्रॉइंग’ आलं. ऑफिसातल्या मुलीने ते उघडलंच नाही, थेट खरेदीच्या साहेबांना त्यांच्या जुन्या नंबरवर फोन लावला. ते खरंच त्यांनी पाठवलेलं होतं. साहेबांनी रिव्हिजन नंबर फोनवर वाचून दाखवला, तिने तो कागदावर लिहून घेतला आणि मेलशी ताडून पाहिला. जुळला. मग जॉब लावला.